मदत हवी आहे: सशाचं एक पिल्लू वाढत नाहीये
मादी व्यायल्याला आज चौथा दिवस, पिल्लं पाच. पहाटे पाजून झालं की चौघांची पोटं टम्म, वजन ७५ ग्रॅमच्या आसपास. पाचवं मात्र ४६ वरच. पोट खपाटीला, कातडी सुरकुतलेली. आई दिवसातून एकदोनदाच, तेही तीनचार मिनिटं पाजते (ते नेहमीचंच), त्यात दांडगे याला बाजूला ढकलतात. आज याला एकट्याला आधी लावलं, मग बाकीचे सोडले. खोक्यात सुकं गवत, आईची लव भरपूर. मुंबईच्या दमट हवेत ओलं झालेलं रोज काढतो, पंख्याचा झोतही चुकवलाय.

गाईचं दूध देणार नाही. मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर कोणी दिलीये का? एका वेळी किती मिली? सिरिंजने ठसका लागून दूध फुप्फुसात जाऊ नये म्हणून कसं धरता? दादर-ठाणे पट्ट्यात सशांची सवय असलेले डॉक्टरही सुचवा.