मदत हवी आहे: निपाणीच्या विडी कामगार बायकांवर माहितीपट, निधी कुठून आणि कसा उभा करायचा?

वखारीमागची गल्ली:
नमस्कार मंडळी. 60 मिनिटांचा माहितीपट करायचा आहे, बोली मराठी-कन्नड मिसळ. विडी वळणाऱ्या तीन घरांनी शूटिंगला होकार दिलाय. वर्षभरात विभागून 40 दिवसांचं शूटिंग. अंदाज 18 लाख. कॅमेरा आणि माइक घरचे, रोख 2 लाख.

विचारायचं ते असं: महाराष्ट्र शासनाचं मराठी चित्रपट अनुदान सीमाभागातल्या माणसाला मिळतं का? केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनकडे अर्ज कसा करतात? आणि परदेशी फंड मिळालाच तर पैसे आपल्या बचत खात्यात घेतले तर चालतं का?

अर्जातली ओळ सध्या अशी आहे: "सीमाभागातील विडी कामगार महिलांच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कहाणी."

चोर्ला_मार्गे:
आधी अनुदान आणि निधी यांतला फरक डोक्यात पक्का करा. महाराष्ट्राचं अनुदान तयार, सेन्सॉर झालेल्या चित्रपटाला, परीक्षणात गुण पडल्यावर मिळतं. म्हणजे आधी खर्च तुमचा. रचना सगळी पूर्ण लांबीच्या कथापटासाठी आहे. तुम्हाला हवेत सुरुवातीला पैसे, त्यामुळे आपण इकडचे की तिकडचे हा प्रश्नच इथे गैरलागू. (एकदाचा कुठेतरी तो गैरलागू ठरला!)

फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. जुन्या याद्यांमधली तिथल्या निर्मात्यांच्या पॅनेलची माहिती शिळी आहे, तिच्यामागे दिवस घालवू नका.

मी या क्रमाने जाईन. पहिला अर्ज बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे, म्हणजे आयएफएकडे. प्रस्ताव मराठीतही लिहिता येतो. मात्र तिथे "कामगारांच्या समस्या मांडणारा माहितीपट" असा अर्ज बसत नाही. त्यांचे कार्यक्रम कलासंशोधन आणि कलाप्रयोगाचे आहेत. विड्या वळतानाची गाणी, बोली, हातांची लय, असं काही तुमच्या विषयात खरोखर असेल तरच जा. ओढूनताणून आणलेलं दुसऱ्या पानावर उघडं पडतं.

दुसरं, डॉकएज कोलकाता हा माहितीपटांचा मंच. तिथे मार्गदर्शकांसोबत प्रस्तावावर काम होतं आणि मग निधी देणाऱ्यांसमोर सादरीकरण. तिसरं, नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी गोव्यात भरणारा फिल्म बाजार (आता नाव वेव्हज फिल्म बाजार). आपल्याला पणजी बंगळुरूपेक्षा कितीतरी जवळ, तेव्हा निवड झाली नाही तरी प्रतिनिधी म्हणून जाऊन या. आयडीएफए बर्था, सनडान्स, बुसानचा एएनडी हे माहितीपटांचे परदेशी फंड त्यानंतर, संकलन केलेलं काही दाखवण्याजोगं हातात असेल तेव्हा.

सदलग्याचा:
परदेशी पैशाचं सोपं आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेली ओळखीची एखादी संस्था गाठायची, पैसे तिच्या खात्यात घ्यायचे, ती तुम्हाला वळते करेल.

पावती_जपून:
वरचा सल्ला कृपया कुणी अमलात आणू नका. 2020 च्या दुरुस्तीनंतर कलम 7 प्रमाणे नोंदणीकृत संस्थेलाही परदेशी योगदान दुसऱ्या कुणाकडे वळवता येत नाही. अडचणीत ती संस्था येईल आणि तुम्हीही.

बचत खात्याबद्दल. एफसीआरए 2010 चं कलम 11 व्यक्तीलाही लागू होतं. ठरावीक सांस्कृतिक, शैक्षणिक किंवा सामाजिक कार्यक्रमासाठी परदेशी योगदान घ्यायचं तर गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. शिवाय एखाद्या नोंदणीकृत वृत्तपत्रात स्तंभ किंवा बातम्या लिहीत असाल तर कलम 3 खाली बंदीच आहे. हे अर्ज करण्याआधी तपासा, निवडीचं पत्र आल्यावर नाही.

नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचा किंवा मालाचा मोबदला मात्र योगदानात धरला जात नाही. म्हणून सहनिर्मिती किंवा प्रसारण हक्कांचा खरा करार, कंपनी किंवा एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीच्या) नावाने, हा रस्ता बरेच जण घेतात. "खरा" या शब्दावर जोर. देणगीच्या पत्रावर "परवाना करार" असं शीर्षक डकवून भागत नाही. कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या देशांसाठी, सगळं लिहिलेलं हवं. करार सही करण्याआधी सीएला दाखवा. बँक रकमेचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले त्याचा ठरलेला क्रमांक, विचारेल, तो करारातल्या कारणाशी जुळला पाहिजे.

लोकवर्गणी काढलीत तर: आखातातला भारतीय पासपोर्टवाला भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो ते परदेशी योगदान नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मावसबहीण पाठवते ते परदेशी योगदान, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. वर्गणीच्या पानावरच पासपोर्ट कोणता ते विचारून ठेवा.

कात्री_कोपरा:
ताई, ती ओळ बदलाच. "संघर्ष" आणि "हृदयस्पर्शी" काढले की तिच्यात उरतं काय? निवड करणाऱ्याला निपाणी नकाशावर कुठे ते ठाऊक नसतं, आणि सीमावादाचा फलक आधी दिसला की तो राजकीय चित्रपट समजून बसतो. एक माणूस आणि एक पेच द्या. नमुना म्हणून:

"निपाणीतली एक मुलगी विडी वळायला नकार देते, आणि रोजच्या हजार विड्यांचा हिशेब तिच्या आईच्या एकट्या बोटांवर येतो."

तुमच्या तीन घरांत असं खरोखर चाललेलं असेल तरच हे वापरा.

नमुना चित्रफीत 3 ते 5 मिनिटांची पुरे. ट्रेलरसारखी संगीत लावून कापू नका. एक पूर्ण प्रसंग द्या. माल जमा करताना बाद होणारी छाट बघा: बाई सूप पुढे सरकवते, मोजणारा जुड्या चाळतो, चार विड्या बाजूला टाकतो, ती काही बोलत नाही. निवेदन न लावता एवढा प्रसंग लागला तर अर्ध्याहून जास्त काम झालं. इंग्रजी सबटायटल चित्रातच पक्की करा. आणि लिंकचा पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलू नका. लिंक उघडली नाही म्हणून कुणी ईमेल करून विचारत नाही, सरळ पुढचा अर्ज उघडतात.

वखारीमागची गल्ली:
ओळ बदलते. बजेट असं मांडलंय: शूटिंग 9 लाख, संकलन 4, ध्वनी आणि रंग 3, प्रवास 1.5, हार्ड डिस्क 15 हजार, सबटायटल 10 हजार, इतर 25 हजार. दिग्दर्शकाचं मानधन शून्य.

कात्री_कोपरा:
मानधन शून्य बघून देणाऱ्याला प्रश्न पडतो की ही बाई वर्षभर खाणार काय, काम मध्येच सुटेल. रक्कम टाका. घरच्या कॅमेऱ्याचं बाजारभावाने भाडं काढून ते "स्वतःचा वाटा" म्हणून उत्पन्नाच्या बाजूला दाखवा, 2 लाखांच्या शेजारी.

हार्ड डिस्क: कॅमेरा 100 एमबीपीएस (सेकंदाला 100 मेगाबिट) वेगाने चित्रण साठवत असेल तर तासाला 45 जीबी. रोज 2 तास धरले तर 80 तास, म्हणजे 3.6 टीबी. प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात. 4 टीबीची डिस्क काठोकाठ भरते, म्हणून 5 टीबीच्या तीन घ्या. 15 हजारांत हे बसवून बघा, नाही बसणार.

सबटायटलची ओळ सगळ्यात चुकलीय. शेवटच्या 60 मिनिटांच्या आधी सगळं बोलणं उतरवून घ्यावं लागतं, आणि तासाभराच्या बोलण्याला 4 ते 6 तास जातात. निपाणीतल्या एकाच वाक्यात मराठी क्रियापद आणि कन्नड शिवी येते. दोन्ही भाषा कानाला असलेला माणूसच लागेल, आणि तो फुकट मिळत नाही. शेवटी 10 टक्के आकस्मिक खर्च वेगळा लिहा. "इतर" असं लिहिलं की आधी तीच ओळ खोडली जाते.

पावती_जपून:
एक जोडतो. करारात रक्कम "व्यावसायिक शुल्क" असेल तर देशातला देणारा 10 टक्के टीडीएस कापून पाठवतो. विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत ती रक्कम हातात नसते, तेव्हा शूटिंगचे हप्ते कापलेल्या आकड्यावर आखा. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, हेही ध्यानात असू द्या.

वखारीमागची गल्ली:
तिन्ही घरांची संमती तोंडी आहे. अर्जाला लेखी लागेल ना? मराठीत चालेल?

चोर्ला_मार्गे:
लेखी घ्याच. एक पान, त्या बाईला वाचता येईल त्या भाषेत; वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि ते वाचणंही रेकॉर्ड करा. सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. ठेकेदाराच्या जागेत शूटिंग असेल तर त्याची परवानगी वेगळी. आणि बाईचं नाव किंवा चेहरा दाखवल्याने तिचं काम जाऊ शकतं का, याचं उत्तर अर्जात दोन ओळींत आधीच लिहून ठेवा. मुलाखतीत हे विचारतात.