लॅब आणि गावठी: ही गुरगुर खेळातली की खरी?

तळेगावकरीण

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, आणि तेही कुत्र्यांपायी.

आमच्याकडे दोन आहेत. चिंगी गावठी, पाच वर्षांची, वजन १४ किलो. भर पावसात गेटपाशी कुडकुडत बसलेली, दोन दिवस ठेवू म्हणून आत घेतली ती राहिलीच. दुसरा टायसन. लॅब (लॅब्रॅडॉर), दहा महिन्यांचा, २९ किलो. नाव लेकाने ठेवलंय. प्रत्यक्षात कुकरची शिट्टी झाली की हा माझ्या पायात घुसतो.

तर रोज दिवेलागणीला, साधारण साडेसहाला, पोर्चमध्ये यांचं सुरू होतं. टायसन लांबून धावत येतो, चिंगीला धडक देतो, ती कोलांटी खाते. मग दोघं मागच्या पायांवर उभी राहून एकमेकांचे गाल चावतात. चिंगी त्याच्या मानेखालची सैल कातडी दातात धरून लोंबकळते. आणि आवाज! जुनी लूना चढावर घातली की कशी कण्हत-भुरभुरत वर जायची, अगदी तसा. थांबत थांबत, पुन्हा चालू. दात सगळे बाहेर. मधूनच टायसन स्वतः धपकन उताणा पडतो आणि ती त्याच्या नरड्यावर जबडा ठेवून गुरगुरते. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

सासूबाई रोज आतून ओरडतात, "अगं सोडव त्यांना, एक दिवस रक्त निघेल!" आणि वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन बाहेर येतात. शेजारच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर "हिंस्र प्राणी" असा शब्द वापरून झाला. नवरा म्हणतो, पोरं आहेत, खेळू दे. त्याला काय, तो सव्वाआठला येतो.

आजवर रक्त निघालेलं नाही. टायसनच्या कानाला एकदा बारीक ओरखडा आला होता, तेवढंच. खरं भांडण म्हणावं असं एकदाच झालं, मागच्या रविवारी. जेवताना लेकाच्या हातून चपातीचा तुकडा टेबलाखाली पडला. चिंगी तिथेच होती. टायसन वाकला, तिने अगदी हळू, घशातल्या घशात "ग्रर्र" केलं, त्याने ऐकलं नाही आणि तिने त्याच्या तोंडावर झडप घातली. तो केकाटत गॅलरीत पळाला. पण आवाज फारसा नव्हताच, दोन सेकंदांत मिटलंसुद्धा, त्यामुळे ते सोडून देते. मी चिंगीला एक फटका दिला आणि विषय संपला.

माझा प्रश्न संध्याकाळच्या धिंगाण्याबद्दल आहे. गुरगुरल्या गुरगुरल्या ओरडून बंद करायची सवय लावू का? की वेगवेगळं बांधू?

बुलेटराजा

ताई, वेळीच दाबा. लॅब असला तरी नर आहे, उद्या ३५ किलोचा होईल. घरात बॉस कोण हे कुत्र्याला कळलं पाहिजे. गुरगुरला की मानगूट धरून उताणा पाडायचा, शांत होईपर्यंत सोडायचा नाही. माझ्या जर्मन शेफर्डवर हाच इलाज केला, आता समोर गुरगुरायची टाप नाही त्याची.

पेन्शनर

तळेगावकरीण, तुमचा मजकूर दोनदा वाचला. ज्याची तुम्हाला काळजी आहे ते ठीक आहे, आणि जे तुम्ही "सोडून देते" म्हणालात तिथे लक्ष द्यायला हवं.

आमच्या घरात कुत्रं नाही असं गेल्या तीस वर्षांत एकच वर्ष गेलं. शिकलो ते बहुतेक चुका करून.

आधी संध्याकाळचं. टायसन स्वतःहून उताणा पडतो असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या चिंगीच्या दुप्पट वजनाचं कुत्रं आपणहून खाली पडतं याचा अर्थ तो तिच्यासाठी सामना सोपा करून देतोय. लहान भाच्याबरोबर कुस्ती खेळताना मामा मुद्दाम चितपट होतो ना, तेच. खेळात मोठं कुत्रं जोर आवरतं, चावा अर्धाच घेतं. दर वेळी फिट्टंफाट होतेच असं नाही, काही जोड्यांमध्ये एकच जण सतत वरचढ असतो आणि तरी दोघं मजेत असतात.

उद्या एक पाहा. पुढचे दोन पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून शेपूट हलवतात का? बहुतेक पाहिलं असेल, लिहायचं राहिलं असेल. मार्क बेकॉफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९५ मध्ये यावर लिहिलं होतं. कुत्री हा नमस्कार फक्त खेळ सुरू करताना घालत नाहीत, जोरात चावून डोकं झटकायच्या जरा आधी किंवा लगेच नंतरही घालतात. म्हणजे "आता जे करणार आहे" किंवा "आत्ता जे केलं" ते खेळातलं धरावं, अशी समजूत. मध्येच शिंकणं, अंग झाडणं, दोन क्षण थांबून तोंड भलतीकडे वळवणं, हेही त्याच कुळातलं. अंग सैल असतं, धावणं उगाचच उड्या मारत असतं. जो खरंच मारायला निघालाय तो एक पाऊलही वाया घालवत नाही.

आता आवाज. तुम्ही लूना म्हणालात, हसलो, कारण इतकं बरोबर वर्णन मला जमलं नसतं. बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या लोकांनी याच गोष्टीचा छडा लावलाय. त्यांनी तीन प्रकारची गुरगुर रेकॉर्ड केली: दोरी ओढायच्या खेळातली, अनोळखी माणूस अंगावर आल्यावरची आणि हाड राखतानाची. मग दुसऱ्या कुत्र्यासमोर हाड ठेवलं आणि तो जवळ आला की लपवलेल्या स्पीकरवरून यातली एक ऐकवली. हाड राखणारी गुरगुर ऐकली की कुत्री मागे सरायची. बाकीच्या दोन्हींची तेवढी पत्रास ठेवली नाही. हे २०१० चं. पुढे २०१७ मध्ये त्यांनी माणसांना गुरगुर ऐकवून ओळखायला सांगितलं. शंभरात ६३ वेळा माणसं बरोबर निघाली आणि खेळातली गुरगुर सगळ्यात सहज ओळखली गेली. बायका पुरुषांपेक्षा सरस ठरल्या. (आमच्या घरात या निकालाचं कुणालाच नवल वाटलं नाही.) खेळातली गुरगुर तुटक, भराभर येणारी असते. धमकीची लांब, सलग.

म्हणून चपातीच्या वेळचा तुमचा "हळू, घशातल्या घशात" हा शब्दप्रयोग मला खटकला. त्या क्षणी चिंगी कशी उभी होती, आठवतंय? माझा अंदाज, मान तुकड्यावर वाकलेली, अंग काठीसारखं ताठ, तोंड मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसत असणार. शेपूट हलत असली तरी ताठ, वरच्यावर. तिने आधी सांगितलं, टायसनला ते कळलं नाही, मग तिने दात वापरले, तेही जखम न करता. तिची बाजू मला तरी रास्त वाटते. आणि फटका कशाचा बसला तिच्या हिशेबी? सांगितल्याचा. पुढच्या वेळी ती सांगायचंच टाळेल. आमच्या पहिल्या कुत्र्याला मी गुरगुरण्यावरून इतकं झोडलं होतं की शेवटी तो गुरगुरायचा बंद झाला आणि एके दिवशी भाच्याच्या हाताला थेट चावला. "काही न करता चावला" असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. न करता कसला? त्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

बुलेटराजा, रागावू नका. ते "बॉस" प्रकरण पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून निघालं. हा विचार लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, त्यात तसली गादीची लढाई नसते. तुमचा शेफर्ड गुरगुरत नाही याचा मला आनंद नाही, धास्ती वाटते.

तर संध्याकाळी खेळू दे. शंका आलीच तर एक सोपी परीक्षा. जो वर आहे त्याला पट्ट्याला धरून दहा-पंधरा सेकंद बाजूला घ्या. खालचा काय करतो बघा. पुन्हा त्याच्याच अंगावर आला तर त्याला खेळ हवाय. संधी साधून दूर गेला, टेबलाखाली घुसला, तर त्या दिवसापुरतं पुरे.

माणदेशी

पेन्शनर काकांशी सहमत. आमच्या मेंढरांच्या वाड्यावर कुत्रीची पिल्लं असायची, दिवसभर एकमेकांना फाडायच्या बेतानं खेळायची. एखाद्यानं जोरात चावलं की दुसरं केकाटायचं अन् खेळ मोडायचं. पुन्हा त्याच्याशी कुणी खेळंना. तिथंच कळतं किती दाबायचं ते. महिन्याच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू आणलं की त्याला हे मापच नसतं, मग आयुष्यभर हातपाय चावतं. तुमचा लॅब कितव्या आठवड्यात आणला ते बघा.

अन् चिंगीचं ऑपरेशन झालंय का? नसंल तर भादव्यात ह्या दोघांच्या गट्टीचं काय सांगता येत नाही.

गोठ्यातली डॉक्टर

मी प्राण्यांची डॉक्टर, दिवसभर गाई-म्हशी, संध्याकाळी कुत्री. वर चांगलं लिहिलंय, माझी दोन-तीनच भर.

रोज खेळणारं कुत्रं अचानक चिडायला लागलं तर आधी दुखणं शोधा, स्वभाव नंतर. लॅबचे कान लोंबते, पावसाळ्यात आत ओल राहते, खाज आणि पू होतो. चिंगी रोज त्याचेच गाल-कान चावते, तिथे दुखत असेल तर तो एक दिवस उलटणारच. लॅबला खुब्याच्या सांध्याचं दुखणंही असतं. उठताना अडखळतो का, जिना टाळतो का, बघा. शिवाय तो अजून पोरच आहे. दीड-दोन वर्षांचा झाला की काही जोड्यांचं गणित बदलतं, तेव्हा आजचं उत्तर कायमचं धरू नका.

खाणं वेगळ्या खोल्यांत, दार लावून. ताटल्या उचलल्याशिवाय दार उघडायचं नाही. जेवणाच्या टेबलाशी दोघांपैकी कुणीच नको. आणि मटणाची शिजलेली हाडं देत असाल तर बंद करा, त्यांच्या कपच्या होऊन आतड्यात रुततात.

खरंच जुंपली तर मध्ये हात घालू नका, पट्टाही धरायला जाऊ नका, मालकांचे निम्मे चावे तिथेच होतात असं माझ्या दवाखान्यातलं चित्र. बादलीभर पाणी, ताटावर ताट आपटणं, किंवा दोघांच्या मध्ये पाट, खुर्ची असं काहीतरी सरकवणं. माणसाला दात लागलाच तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्याची रेबीजची लस झालेली असली तरी.

बुलेटराजा

पेन्शनर, मेक यांचं माहीत नव्हतं. पण माझा शेफर्ड खरंच शहाणा आहे हो. असो, वाचतोय.

तळेगावकरीण

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला दहा दिवस लागले.

चिंगीचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वीच झालंय. टायसन आठव्या आठवड्यात आला, त्याच्या आईला आणि भावंडांना भेटून आणला होता.

परीक्षा घेतली. टायसनला धरला तेव्हा तो बिचारा हाशहुश करत बसून राहिला. चिंगी उठली, अंग झाडलं, शिंकली, दोन पावलं मागे गेली. मला वाटलं चालली. तर वळून तो नमस्कार घातला आणि सरळ त्याचा कान पकडला! चार दिवस असंच. पाचव्या दिवशी मात्र ती तुळशीमागे जाऊन बसली, जीभ ओठांवरून फिरवत. खेळ बंद केला. टायसनला दोरी दिली, तो त्या दोरीशीच गुरगुरत बसला.

पेन्शनर, चपातीच्या वेळी ती कशी उभी होती ते मला आठवेना, पण लेकाला आठवलं. म्हणाला, "आई, ती फोटोसारखी उभी होती." फटक्याबद्दल वाईट वाटतंय. आता ताटल्या वेगळ्या, एक स्वयंपाकघरात, एक मागच्या गॅलरीत.

सासूबाईंना मी तो बुडापेस्टचा किस्सा वाचून दाखवला. बायका सरस ठरल्या म्हटल्यावर वर्तमानपत्राची गुंडाळी पुन्हा वाचायच्या कामी आली. हल्ली पोर्चमध्ये गोंधळ सुरू झाला की मालिकेवरची नजर न काढता आतूनच सांगतात, "लूना आहे, चालू दे."

परवा मी कणीक मळत होते. बाहेरून आवाज आला, मला नेहमीसारखाच वाटला. सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करून उठल्या. "ही लूना नाही गं." जाऊन पाहते तर शेजारच्या मांजराने कुठूनसा आणलेला बोंबलाचा तुकडा पोर्चच्या पायरीवर, चिंगी त्याच्यावर ताठ उभी, आणि टायसन दोन हातांच्या अंतरावर, तोंड भिंतीकडे वळवून, जणू काही त्याला दिसतच नाहीये. मी लांबूनच बिस्किटाचा पुडा वाजवला, दोघं दोन दिशांनी आत आली. बोंबील सासूबाईंनी चिमट्याने उचलला.