मदत हवी आहे: अंजिराच्या काड्यांना घरी मुळं फुटवायची भरवशाची पद्धत कोणती?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहिते आहे. सासवडला माझ्या आत्याच्या वाड्यात अंजिराचं जुनं झाड आहे. आत्या गेली, वाडा विकला गेला. नवे मालक दिवाळीनंतर जागा मोकळी करणार, म्हणजे झाडाला तेवढाच अवधी. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, रोप विकत मिळेलही. पण मला तेच झाड हवं आहे. बी पेरून ते येणार नाही. आपलं पुणेरी अंजीर परागीभवनाशिवायच फळ धरतं, आतलं बी पोकळ असतं. तेव्हा काडीच लावायला हवी.

जानेवारीअखेर तिथून १४ काड्या आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, प्रत्येकीवर तीन-चार डोळे. चीक धुतला, वरच्या टोकाला मेण लावलं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुणे-इंदूर गाडीने आणल्या. दोन अजून फ्रीजमध्ये आहेत. बाकीच्या १२ तीन तऱ्हांनी लावल्या.

चार पाण्यात. काचेच्या बाटलीत, दर दोन दिवसांनी पाणी बदलून. दहा-बारा दिवसांत सालीवर पांढरे ठिपके उमटले, चौथ्या आठवड्यात तिघींना मुळं आली. चौथी खालून मऊ पडून वास यायला लागला. मुळं बोटभर लांब झाल्यावर मातीत लावल्या, आणि आठवड्याभरात दोन कोमेजल्या. मुळं इतकी ठिसूळ होती की माती लोटतानाच तुटली असावीत.

चार ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्वयंपाकघरातल्या कपाटावर. दोघींना बुरशी आली (फडकं फार ओलं राहिलं असं आता वाटतं), एक तशीच राहिली. पण चौथीला तीन आठवड्यांत अशी दाट मुळं फुटली की बघत राहावं. आज तिला चार पानं आहेत, माझ्याकडचं सगळ्यात चांगलं रोप तेच.

उरलेल्या चार थेट कुंडीत, गॅलरीत. खरं दुःख या चारींचं आहे. फेब्रुवारीत चारींना हिरवीगार पानं फुटली. मी सासवडच्या शेजारणीला फोटोही पाठवले. मग एकेक करून माना टाकल्या. उपटून पाहिलं तर मूळ एकही नाही, बूड काळं पडलेलं. माती आमची माळव्याची काळी, धरलेलं पाणी सोडत नाही. त्यात मी निम्मं कंपोस्ट घातलं होतं. ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेलेलं कंपोस्ट अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संस्थेत विकसित केलं. त्या खतावर माझा फार जीव आहे, पण काडीला ते बाधलं का? शिवाय इथे जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास असतो. थंडीनेही मुळं अडली असतील का?

१२ पैकी दोन जगल्या आहेत. मुळांच्या आधी पानं आली तर ती खुडावीत का? फ्रीजमधल्या दोन आता उन्हाळ्याच्या तोंडावर लावू की थांबू? मुळं फुटवायची पावडर लागतेच का? आणि झाडावरच गुटी बांधणं (फांदी न तोडता तिलाच मुळं फुटवणं) याहून खात्रीचं आहे का? कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, बडोद्याहून लिहितोय. गच्चीवर सात-आठ वर्षं अंजीर लावतो आहे.

पानं म्हणजे काडी लागली असं नाही. काडीत साठवलेल्या अन्नावर डोळे फुटतात, ते संपेपर्यंत मुळं आली नाहीत तर पानं गळतात. खुडू नका, फार झाली तर एखादं ठेवा. पण वरून ऊब आणि खाली गारठा असेल तर हे असंच होतं. मुळांना साधारण २१ ते २६ अंश लागतात. खत मुळं फुटेपर्यंत अजिबात नको. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू घ्या.

फ्रीजमधल्या दोन आत्ताच लावा, घरात आता हवी तेवढी ऊब आहे. पिशवीची पद्धत धरा. फडकं पिळून एक थेंबही पडत नाही इतकंच ओलं हवं. रोज उघडून हवा द्या. मुळं पेराएवढी झाली की लगेच भोकं पाडलेल्या पारदर्शक ग्लासात, वरून सैल पिशवी, ती पंधरा दिवसांत हळूहळू काढायची. तुमची पाण्यातली मुळं उशिरा हलवल्याने गेली. पावडर असली तर उत्तम, नसली तरी अंजीर फुटतं.

पण झाड एकच असेल तर गुटीच बांधा. जून-जुलैत, मागच्या वर्षीच्या फांदीवर इंचभर साल गोल काढायची, खालचा बुळबुळीत थर खरवडायचा, ओलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) लावून प्लॅस्टिकने आवळायचं. फांदीला झाड जेवू घालत असतं, म्हणून ती उपाशी मरत नाही. महिना-दीड महिन्यात मुळं येतात. एकीवर भिस्त ठेवू नका, चार-पाच बांधा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. दोन्ही काड्या आज सकाळी फडक्यात गुंडाळल्या. नव्या मालकांनाही फोन केला, गुटी बांधायला ते लगेच हो म्हणाले. जूनअखेरची तिकिटं काढते आहे. एकच शंका: बांधून मी परत येणार, दीड महिना तिकडे पाणी घालायला कोणी नसेल. मॉस सुकेल का?

प्रतिसाद

दोन्ही टोकं घट्ट बांधलीत तर नाही. पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, मुळं बाहेरून दिसतात. त्यावर काळा कागद गुंडाळा, ऊन लागायला नको. शेजारणीला आठवड्यातून एकदा कागद उघडून फोटो पाठवायला सांगा. पांढरी मुळं तपकिरी व्हायला लागली की गाडी पकडा.