टस्कनीचे पांढरे रस्ते: माझ्या सायकलवर जमेल का?

रानवाट (धागाकर्ती)

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इटलीत सिएनाजवळ चार दिवस मोकळे मिळतायत, सोमवार ते गुरुवार. लेरोईका या जुन्या सायकलींच्या फेरीचा, पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्यांवरून जाणारा २०९ किमीचा मार्ग वर्षभर खुला असतो आणि त्यावर पाट्या आहेत असं कळलं. दोन दिवसांत तो पुरा करावा आणि उरलेल्या दोन दिवसांत जुनी गावं बघावीत, असा बेत आहे. माझी रोड बाइक आहे: २८ मिमीचे टायर, गिअरच्या चकत्या पुढे ५०/३४ दात्यांच्या, मागे ११-२८. डांबरावर शंभर किमी आरामात होतात, खडीवरचा अनुभव मात्र नाहीच म्हणा ना. हीच सायकल न्यावी की तिथे ग्रॅव्हल बाइक (खडीसाठीची, रुंद टायरची) भाड्याने घ्यावी? आणि एकटीने जायचंय, वाहतूक कितपत असते?

खडीकर

ताई, सायकलीचं नंतर बघू. आधी तो दोन दिवसांचा बेत मोडा.

२०९ किमी ऐकायला ठीक वाटतं, पण त्यात साडेतीन हजार मीटरहून जास्त चढ आहे आणि निम्म्याच्या आसपास रस्ता कच्चा. डांबरावरचे शंभर आणि हे शंभर यांचं नातं फक्त आकड्यापुरतं. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर पाच वाजून गेले की सूर्य मावळलाच. दोन दिवसांत उरकायचं म्हणजे गावांमधून नुसतं मान खाली घालून जायचं, आणि तुम्हाला तर गावंच बघायचीत.

मी काय करेन सांगतो. पहिल्या सकाळी सायकलला हात लावायचा नाही. सिएनाच्या मुख्य चौकात पालाझ्झो पुब्लिको आहे, तिथे आंब्रोज्यो लोरेंझेत्तीची १३३८-३९ मधली भित्तिचित्रं आहेत, चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची. त्यातली चांगल्या कारभाराची भिंत निवांत बघा. शहराच्या वेशीतून एक रस्ता बाहेर पडतो, त्यावर घोडेस्वार, लादलेली जनावरं, पलीकडे टेकड्यांवर पेरणी-कापणी करणारी माणसं. चांगल्या राज्याची खूण म्हणून चित्रकाराने बेधडक चालता येईल असा रस्ता काढलाय! दुपारी वेशीबाहेर पडलात की त्याच टेकड्या समोर असतात. मला ते संग्रहालयातल्या बाकी सगळ्यापेक्षा मोलाचं वाटतं.

दुपारी पूर्वेला मोंतापेर्तीपर्यंत जाऊन या. ४ सप्टेंबर १२६० ला तिथे सिएनाने फ्लोरेन्सच्या कितीतरी मोठ्या फौजेला धूळ चारली. आज टेकडीवर सुरूची झाडं आणि एक छोटासा दगडी पिरॅमिड, बास. मला अशा जागा आवडतात, जिथे माहितीफलक कमी आणि वारा जास्त.

दुसरा दिवस आशानो गावाचा. तिथून उत्तरेला मोंते सांते मारिएचा कच्चा टप्पा लागतो, शर्यतवाले तो साडेअकरा किमीचा धरतात. याच रस्त्यांवरची व्यावसायिक शर्यत, स्त्रादे बियांके, तीनदा जिंकलेल्या फाबिआन कान्चेलाराचं नाव त्या टप्प्याला दिलंय. नावापेक्षा जागा मोठी आहे. दोन्ही बाजूंना उघड्या मातीच्या टेकड्या, नांगरून ठेवलेली शेतं, मध्येच एखादं रिकामं घर. ती घरं बघताना लक्षात ठेवा की हा सगळा मुलूख अर्धेलीने (कुळाने कसायचं, निम्मं पीक मालकाचं) कसला जायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं शहराकडे गेली, १९६४ च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले. घरं ओस पडली, आणि जिथे घरं ओस पडली तिथल्या रस्त्यावर डांबर घालायची घाई कुणाला? आपल्याला जे शांत वाटतं ते असं तयार झालंय.

उरलेले कच्चे रस्ते पुढेमागे डांबरले गेलेच असते. ते होऊ नये म्हणून जांकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये गायोले गावाहून लेरोईका सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण होते. तिथे १९८७ पूर्वीच्याच सायकली चालतात: गिअरचे खटके खालच्या नळीवर, पायाला पट्ट्या. स्त्रादे बियांके शर्यत पुढे २००७ मध्ये याच रस्त्यांवर आली.

तिसरा दिवस दक्षिणेला बुओनकोन्वेंतो आणि जमलं तर मोंताल्चिनो. बुओनकोन्वेंतोची तटबंदी विटांची आहे. सम्राट सातवा हेन्री पिसाहून निघून याच गावात १३१३ मध्ये आजारी पडून वारला. पाय संपले तर तिथे आणि आशानोलाही रेल्वे स्टेशन आहे. प्रादेशिक गाड्यांत सायकलचं चिन्ह असलेल्या डब्यात सायकल चढवता येते, तिचं तिकीट वेगळं काढायचं. चौथ्या दिवशी गायोले आणि ब्रोलिओचा किल्ला. लेरोईकाच्या दिवशी पहाटे ब्रोलिओच्या चढावर दोन्ही कडांना दिवे लावलेले असतात. तुमच्या तारखांना ते नसतील, पण सुरूच्या रांगेतला तो पांढरा चढ तसाही चुकवू नये.

वाहतूक: कच्च्या भागात तासाला एखाद-दुसरा ट्रॅक्टर किंवा जीप. त्रास होतो तो मधल्या डांबरी तुकड्यांवर. मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा.

स्पोक_नट

खडीकरांनी सायकल माझ्यासाठी सोडलेली दिसते.

भाड्यानेच घ्या. टायरपेक्षा मोठी अडचण गिअरची आहे. ३४ ला मागे २८, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वा फेरीच्या आसपास फिरतं. तिथे १५-१८ टक्क्यांचे छोटे भिंतीसारखे चढ कच्च्यावर येतात. डांबरावर आपण अशा वेळी उभं राहतो. खडीवर उभं राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागीच गरगर फिरतं. बसूनच चढायचं, म्हणून एकास एक किंवा त्याहून हलका गिअर हवा. पुढे ३०-मागे ३४ मिळालं तर उत्तम.

टायर ४० चे ट्यूबलेस मागा आणि दुकानदाराने ठासून हवा भरली असेल तर सोडा. तुमचं वजन साठ-सत्तर किलो धरलं तर पुढे तीस आणि मागे तेहतीस पीएसआयच्या आसपास सुरुवात करून बघा. रिमला ठोके लागले तर थोडी वाढवा.

उतारावर रस्त्यात आडव्या बारीक लाटा दिसतील. गाड्यांच्या चाकांनीच त्या पडतात आणि चाकांच्या मार्गात सगळ्यात खोल असतात. कडेला किंवा मधल्या उंचवट्यावर सरका. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. मनगटं सैल.

उतारवेडा

थोडा असहमत. मी २८ वरच गेलो होतो, काही बिघडलं नाही. कोरडा असेल तर तो रस्ता दाबून बसलेला असतो, वर फक्त बारीक खडीचा थर. शर्यतवाले वर्षानुवर्षं तसल्याच टायरवर जात आलेत की.

खडीकर

उतारवेडा, "कोरडा असेल तर" या तीन शब्दांवर तुमचा अख्खा प्रतिसाद उभा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिकडचे भरपूर पावसाचे महिने. आशानोकडची माती भिजली की शाडूसारखी होते, टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत बसते आणि चाक फिरेनासं होतं. फट मोठी असेल तर निदान ढकलत तरी नेता येतं. शर्यतवाल्यांच्या मागे गाडीतून सुटी चाकं येतात, ताईंच्या मागे कोण येणार?

रात्री पाऊस झाला तर त्या सकाळी आशानो रद्द करून गायोलेकडे जा. तिथे दगडाचं प्रमाण जास्त, रस्ता लवकर निथळतो.

रानवाट

सगळ्यांचे आभार. २०९ चा नाद सोडला, ग्रॅव्हल बाइक भाड्याने घेतेय. अजून एक: शरदात तिकडे रानडुकरांची शिकार चालते म्हणे. जंगलातून एकटीने जाणं बरं का?

खडीकर

चालते. हाका सुरू असेल तर रस्त्याच्या तोंडाशी तशी पाटी लावतात. पाटी दिसली की खुशाल मागे फिरा, वाद घालू नका. भडक केशरी जॅकेट घाला. आणि इटलीत १९९२ च्या कायद्याने मंगळवार आणि शुक्रवार शिकारीला बंद आहेत. झाडी गायोले-राद्दाकडे जास्त आहे, आशानोकडे उघडं माळरान. तेव्हा माझा क्रम थोडा बदला: ब्रोलिओ मंगळवारी, आशानो बुधवारी किंवा गुरुवारी, आभाळ बघून.