सोन्याचं 'तोफ' नाणं घेण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या २५ पाउंडर (सुमारे २५ पौंडी गोळा डागणाऱ्या ब्रिटिश) तोफेचं चित्र असलेलं पाव ट्रॉय औंसाचं (सोनं मोजायचा औंस, ३१.१ ग्रॅम), ९९९.९ शुद्धतेचं प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं) नाणं रविवार पेठेत मिळतंय. काय काय बघू?

उत्तर १: आधी देशाचं नाव आणि दर्शनी किंमत. दोन्ही नसतील तर ते पदक. सोन्याच्या भावावर फार जादा देऊ नका. वजन ७.७८ ग्रॅम हवं. दोऱ्याने पाण्यात टांगून तोललं की साधारण ०.४० ग्रॅम घट यावी. काटा ०.००१ ग्रॅमचा घ्या. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटका, नाहीतर घट फुगते आणि खरं नाणं खोटं ठरतं.

उत्तर २: एवढ्यावर थांबू नका. टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याची १९.३, घट सारखीच येणार. हॉलमार्किंग केंद्रातलं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) फक्त वरचा थर वाचतं. विद्युतवाहकता मोजून घ्या, टंगस्टन तिथे सापडतो.

प्रश्नकर्ता: आणि २२ कॅरेट असेल तर?

उत्तर १: पाव औंस शुद्ध सोन्यासाठी वजन ८.४८, घट ०.४८च्या आसपास.

उत्तर ३: घेतल्यावर पुसू नका, मऊ कापडानेही नाही! बारीक रेघा पडल्या की प्रूफचा भाव गेला. कडेने धरा, ॲक्रिलिक कॅप्सूलमध्ये ठेवा. पीव्हीसीचं (मऊ प्लास्टिकचं) पाकीट नको.