ओला स्किडपॅन, पहिला ड्रिफ्ट-दिवस: एमएक्स-५ मध्ये काय बदलू, काय नको?

निळी_एनबी
सिडनीत ईस्टर्न क्रीकच्या स्किडपॅनवर (गाडी घसरवायच्या सरावाचं मोकळं डांबरी मैदान) नवशिक्यांच्या ड्रिफ्ट-दिवसाला नाव दिलंय, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत चालवायला शिकायचं. पॅन दिवसभर ओला ठेवणार आहेत. गाडी माझदा एमएक्स-५, २००१ ची, १८०० सीसी, मॅन्युअल, सगळं कंपनीचंच. टायर १९५/५०/१५, चारही अर्धे झिजलेले. याच गाडीने घरी यायचंय आणि सोमवारी कामावरही जायचंय.

डिफ (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) वेल्ड करून घेऊ का, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतील? हवा किती ठेवू? हायड्रॉलिक हँडब्रेक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) लागेल का? गाडी जॅकवर घेऊन मागचं एक चाक हाताने फिरवलं तर दुसरं उलटं फिरतं. म्हणजे डिफ ओपनच (साधा, चाकं एकमेकांना न जोडणारा) ना?

पाना_सतरा
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच बरेच जण फसतात. क्लच-प्लेटवाला किंवा व्हिस्कस एलएसडी (दोन्ही चाकांना काही प्रमाणात जोडून ठेवणारा डिफ) शाबूत असेल तर दुसरं चाक त्याच दिशेला फिरतं. पण या गाड्यांत टॉर्सनही (गियरवर चालणारा एलएसडी) येतो, आणि चाकांवर भार नसला की तो ओपनसारखाच वागतो. त्यामुळे जॅकवर चाक उलटं फिरलं म्हणून ओपन असं नक्की म्हणता येत नाही. ओल्या पॅनवर गाडी सरळ ठेवून पहिल्या गियरमध्ये जोरात उठवा आणि मागे कोणाला तरी बघायला सांगा: एकच चाक फिरतंय की दोन्ही? एकच फिरलं तर ओपन.

वेल्ड नको. रोजच्या गाडीला तर मुळीच नको. दोन्ही चाकं कायमची जखडली की प्रत्येक वळणावर एक टायर घासत जातो, अ‍ॅक्सलवर पीळ बसतो, आणि असली गाडी तिथे रस्त्यावर कायदेशीरही नाही. शिवाय पाण्यावर पकडच कमी, म्हणून वळणात आतल्या चाकावरचा भार कोरड्या रस्त्याइतका हलका होत नाही. ओपन डिफ असला तरी दिवस वाया जाणार नाही. आडवं जाणं टिकवायला कष्ट पडतील, एवढंच.

हवा: पुढे ३०-३२, मागे ३८-४० पीएसआय. ओल्यात टायर तापत नाहीत, म्हणून कोरड्यासारखी हवा चढत नाही. सकाळी भरलेली जवळपास तशीच राहते. चारही टायर अगदी सारखे झिजले नसतील तर बरे दोन पुढे लावा. जुना टायर मागे चालतो. पुढे गुळगुळीत टायर असला तर तुम्ही स्टिअरिंग कितीही वळवा, गाडी सरळच घसरत जाते, आणि मग ड्रिफ्ट राहतो बाजूला.

चाकांचे नट टॉर्क रेंचने १०० ते ११० न्यूटन-मीटर. या गाडीत बॅटरी डिकीत असते. तिची पट्टी घट्ट आहे का आणि वायूची नळी जागेवर आहे का ते पाहा. डिकीतला जॅक, स्टेपनी, पायाखालच्या मॅट, सगळं बाहेर काढा. तेल वरच्या खुणेपर्यंत, पेट्रोल निम्म्याच्या वर. सतत एकाच बाजूला वळत राहिलं की दोन्ही पंपापासून दूर सरकतात. टप कापडी आहे, तेव्हा रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) हवा का ते आयोजकांना आधीच विचारा.

उलटं_स्टिअरिंग
हायड्रॉलिक हँडब्रेकवर खर्च नको. ओल्यात कंपनीचा हँडब्रेक चाकं सहज अडवतो. फक्त केबल ताणून घ्या, म्हणजे पाच ते सात खटक्यांत धरेल. ओढताना क्लच दाबलेला हवाच, नाहीतर मागच्या चाकांबरोबर इंजिनही बंद पडतं.

वेगाचा अंदाज: १५ मीटर त्रिज्येच्या गोलात कोरड्या डांबरावर गाडी साधारण ताशी ४० किमीला पकड सोडते, चांगल्या ओल्या डांबरावर ३० च्या आसपास. म्हणजे सगळा खेळ सायकलपेक्षा थोड्या जास्त वेगात. म्हणूनच शिकायला ओला पॅन.

एका कोनभोवती (रस्त्यावर ठेवतात तो प्लॅस्टिकचा शंकू) हळू गोल मारायला लागा. गियर दुसरा. पहिल्यात गाडी फार हिसके देते. क्लच पटकन दाबा, रेस साडेतीन हजारांवर गेली की पटकन सोडा, उजवा पाय तसाच ठेवा. मागचा भाग निसटला की स्टिअरिंग ओढून धरू नका; तळव्यांतून सरकू द्या, ते आपोआप उलटं फिरतं, मग पकडा. अंगठे आत अडकवू नका. नजर कोनवर नको, जिथे जायचंय तिथे.

सगळ्यांची चूक एकच: घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडणे. मागच्या चाकांना झटक्यात पकड येते आणि गाडी दुसऱ्या बाजूला कोलमडते. पाय अर्धा सेंटीमीटर उचला, पूर्ण नाही. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही तळापर्यंत, आणि झेंडा दिसेपर्यंत जागेवर थांबा.

गोल जमला की मगच आठचा आकडा. त्यात मधे पाय हलका करून गाडीला स्वतःहून पलटू द्यायचं असतं, आणि ते एका दिवसात जमलं नाही तरी चालतं.

निळी_एनबी
वेल्ड रद्द. आणखी एक: पॅनच्या कडा कोरड्या राहतात असं ऐकलंय. तिथे काय?

पाना_सतरा
खरा धोका तिथेच आहे राव. पाण्यावर चाकं ५० च्या वेगाने फिरत असतात, गाडी मात्र ३० ने जात असते. कोरड्या पट्ट्यावर आलात की पकड एकदम लागते आणि पुढची चाकं ज्या दिशेला वळलेली असतील तिकडे गाडी उडी मारते, म्हणजे उलटं स्टिअरिंग दिलेल्या बाजूला. हाफ-शाफ्ट (डिफपासून चाकाला जाणारा दांडा) आणि गियरबॉक्सलाही हाच झटका बसतो. सकाळी पायी चक्कर मारून स्प्रिंकलरचं पाणी कुठवर पोचतं ते बघा, आणि काठापासून दोन गाड्यांचं अंतर ठेवा.

इंजिनही तापतं: रेस चार हजार, वेग तीस, आणि आडव्या गाडीत रेडिएटरला वारा लागत नाही. काटा चढायला लागला की हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, हवा समोरच्या काचेकडे वळवा. हेल्मेटवाल्या माणसाच्या श्वासाने काचेवर बाष्प धरतं, तेही त्यानेच जातं.

हिंजवडी_टू_वाकड
आय-२० ने असं काही जमेल का?

उलटं_स्टिअरिंग
नाही. इंजिनचा जोर पुढच्या चाकांना, त्यामुळे हँडब्रेकने मागचा भाग निसटेल पण पाय दाबून टिकवता येणार नाही. पिथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये ओला पॅड आहे, पण ती गाड्यांच्या चाचणीची जागा. रिकाम्या पार्किंगमध्ये पाणी ओतून करू नका, कठड्याला चाक लागलं की सस्पेन्शनचा आर्म वाकतो.

पाना_सतरा
@निळी_एनबी, विम्याचा कागद वाचा. साध्या पॉलिसीत पॅनवरचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत. आणि घरी निघण्याआधी नट पुन्हा रेंचने तपासा, मागच्या टायरची आतली कड हात फिरवून बघा, आणि ३८ ची हवा उतरवून रोजच्यावर आणा. परतीच्या रस्त्यावर पाऊस असेल तर जास्त हवेच्या मागच्या टायरांवर गाडी नको तेव्हा आडवी होते.