जाँ आलेझी: तुमच्या आठवणी लिहा

फ्रान्सचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर जाँ आलेझी: 201 शर्यती, 32 पोडियम (म्हणजे पहिल्या तिघांत) आणि विजय फक्त एक. आकडे एवढेच, तरी नव्वदच्या दशकात फॉर्म्युला वन पाहणाऱ्यांच्या गप्पा विश्वविजेत्यांना मागे टाकून आलेझीवर येतात. तुमच्या मनात तो का राहिला, ते लिहा.

सुरुवात मी करते. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते रेकॉर्डिंगवर, फिनिक्स 1990. टिरेल संघाची साधी व्ही-8 इंजिनाची गाडी, चौथ्या क्रमांकावरून सुटलेली, आणि पहिल्याच वळणावर हा पठ्ठ्या सगळ्यांच्या पुढे! बराच वेळ पुढेच राहिला. मग विश्वविजेता ठरलेल्या आयर्टन सेनानं आतून गाडी घातली आणि पुढच्याच वळणावर यानं जागा परत घेतली. सेनाकडून! अखेर दुसरा आला, पण ती शर्यत सगळ्यांना त्याच्यामुळेच आठवते.

माँट्रियलहून
11 जून 1995 ला मी इथे स्टँडमध्ये होतो. त्याच दिवशी तो 31 वर्षांचा झाला होता. इथल्या लोकांसाठी लाल फेरारीवरचा 27 हा आकडा म्हणजे कॅनडाचा लाडका फेरारी ड्रायव्हर जिल विलनव, आणि सर्किटही त्याच्याच नावाचं. बेनेटन संघाचा शूमाखर आरामात पुढे होता. त्याच्या गिअरबॉक्सनं दगा दिला, तो पिटमध्ये (गाडीच्या दुरुस्ती-इंधनाच्या जागेत) शिरला आणि आलेझी पुढे आल्याचं कळताच सगळा स्टँड उभा राहिला. शेजारी कोण बसलंय हेही न पाहता लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. लोक कुंपण ओलांडून ट्रॅकवर धावले. जिंकल्यावर त्याची गाडी वाटेतच बंद पडली, तेव्हा शूमाखरनं त्याला आपल्या बेनेटनवर बसवून आणलं. फेरारीचा त्या वर्षातला हा एकमेव विजय. नंतर कितीतरी शर्यती पाहिल्या, तसा आवाज पुन्हा ऐकला नाही.

पुण्याहून
मॉन्झा 1994. त्याची पहिली पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात, तीही फेरारीच्या घरच्या मैदानात. सुरुवातीपासून पुढे होता, आणि पिट स्टॉपनंतर गिअरच पडेना. आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

ठाण्याहून
मलाही तो फार आवडतो, पण मेलबर्न 1997 विसरता येत नाही. टीम पिटमध्ये बोलावत होती, पाट्या दाखवत होती, हा लॅपमागून लॅप मारत राहिला आणि पेट्रोल संपून थांबला. ही चूक सर्वस्वी त्याची. त्याच्या वेगाचं कौतुक करताना हेही सांगायला हवं.

मिलानहून
1991 साठी विल्यम्स संघाशी करार झालेला असताना तो फेरारीत गेला. विल्यम्सनं 1992 आणि 1993 ची विजेतेपदं पटकावली, मॅन्सेल आणि प्रॉस्टबरोबर. त्याचा निर्णय चुकला असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. जन्म आविन्योंचा असला तरी आईवडील सिसिलीचे. अशा घरातल्या मुलाला फेरारीचं बोलावणं आलं की तो काय करणार? इथले वयस्क लोक अजूनही त्याला आपलाच मानतात.

नागोयाहून
त्याची बायको कुमिको गोटो इथली नामवंत अभिनेत्री, त्यामुळे जपाननं त्याला जावईच मानलं. सुझुका 2001 ही त्याची शेवटची शर्यत. दुसरा ड्रायव्हर रायकोनेन याची गाडी समोर फिरली, हा तिच्यावर आदळला आणि सुरुवातीच्या फेऱ्यांतच सगळं संपलं. दोघंही आपापल्या पायांनी बाहेर आले तेव्हा आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. आता त्याचा मुलगा जुलियानो इथे धावलेला पाहिला, आणि त्याच्यासाठीही आम्ही तितक्याच जोरात ओरडलो.